भिवंडी किती घरांत मावते?

कोड लिहायला फॉन्ट कोणता घ्यावा, यावर सल्ला देणाऱ्यांची कधीच टंचाई नव्हती. सल्ला साधारण एकच असतो. शून्य आणि इंग्रजी ओ वेगळे ओळखू येतात का बघा. एक, छोटा एल आणि मोठा आय शेजारी शेजारी टंकून बघा. कंस ठसठशीत आहेत का, अर्धविराम आणि अपूर्णविराम यांची गल्लत होते का बघा. मग आठवडाभर वापरा आणि डोळ्यांना विचारा. या कसोट्यांवर आजचे बहुतेक नावाजलेले मोनोस्पेस फॉन्ट सहज उतरतात. कन्सोलासच्या शून्यात तिरकी रेघ आहे, जेटब्रेन्स मोनोनं छोट्या अक्षरांची उंची वाढवून घेतली आहे, आयोसेव्का इतका सडपातळ आहे की लॅपटॉपच्या अरुंद पडद्यावर दोन फाइली शेजारी मावतात. फिरा कोड वजाचं चिन्ह आणि त्यापुढचं 'मोठे'चं चिन्ह जोडून त्यांचा एक बाण करून दाखवतो. मला तो बाण आवडत नाही. दोन कळा दाबल्या तर दोन चिन्हं दिसावीत, असं माझं मत आहे. (हे मत असलेल्या माणसाच्या मातृभाषेत क् आणि ष एकत्र आले की क्ष होतो, हा विनोद माझ्या लक्षात आलेला आहे.)

एवढं झालं की इंग्रजीत कोड लिहिणाऱ्याचा विषय संपतो आणि रंगसंगतीची चर्चा सुरू होते. माझा तिथं संपत नाही. मी भिवंडीत राहतो आणि गोदामवाल्यांसाठी, ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी छोटे-मोठे प्रोग्राम लिहून देतो. माल आला-गेला, गाडी भरली, हमाली किती झाली, असल्या नोंदींचे. प्रोग्रामची भाषा रोमन लिपीत असते. त्यात शिरणारी नावं मात्र म्हात्रे, भोईर, अन्सारी, गड्डम अशी असतात. शिवाय उरलेल्या वेळात मी मराठी लिहितो आणि तेही त्याच एडिटरमध्ये, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. म्हणजे फॉन्ट निवडताना माझ्यापुढचा प्रश्न शून्य आणि ओचा नाही. तो असा आहे: 'भिवंडी' या शब्दाला किती घरं लागतात?

मोनोस्पेस म्हणजे चौकटीच्या वहीसारखी मांडणी. प्रत्येक अक्षराला सारख्या रुंदीचं एक घर. आता मोजू. तोंडानं म्हटलं तर भि-वं-डी, तीन अक्षरं. युनिकोडमध्ये भ, वेलांटी, व, अनुस्वार, ड, दुसरी वेलांटी, असे सहा संकेत. जुन्या नियमानं घरं मोजणाऱ्या टर्मिनलला विचारलं तर पाच, कारण तो अनुस्वाराला शून्य घर देतो आणि वेलांटीला एक. कृतिदेवमध्ये, म्हणजे रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळफलकावर बेतलेल्या फॉन्टमध्ये, हाच शब्द सात कळांचा. आधी पहिली वेलांटी, मग अर्धा भ, त्याला काना, मग व, अनुस्वार, ड आणि शेवटी दुसरी वेलांटी. तीन, सहा, पाच, सात. रोमन लिपीत असला प्रश्न उद्भवतच नाही. तिथं एक अक्षर, एक संकेत, एक कळ आणि एक घर. हे चारही आकडे जुळतात हा त्या लिपीचा योगायोग आहे. मोनोस्पेस फॉन्टचा सगळा डोलारा या योगायोगावर उभा आहे आणि फॉन्टची समीक्षा करणाऱ्यांना तो योगायोग दिसत नाही, कारण त्यांना तो कधी सोडावा लागलेला नाही.

सारख्या रुंदीचं घर ही कुणाची सौंदर्यदृष्टी नव्हती. ती यंत्राची सोय होती. टाइपरायटरची कॅरेज प्रत्येक ठोक्याला सारखीच सरकते, मग ठोका आयचा असो की एमचा. म्हणून बिचाऱ्या आयला वर-खाली पाट जोडून रुंद केलं आणि एमचे तीन पाय दाटीवाटीनं उभे केले. गेल्या शतकाच्या पन्नाशीत आयबीएमच्या टाइपरायटरसाठी हॉवर्ड केटलरनं कुरियर काढला तो याच अडचणीतून. अडचण गेली, पडदा आला, पडद्यावर हव्या त्या रुंदीचं अक्षर काढता येऊ लागलं, तरी घर राहिलं. त्याला कारणही आहे. कोडमध्ये उभ्या रांगा जुळल्या की चूक चटकन दिसते. मी घराच्या विरोधात नाही. घर किती रुंद असावं आणि कुणाच्या मापाचं असावं, एवढाच माझा प्रश्न आहे.

देवनागरी त्याच यंत्रावर कशी बसवली, ते बघण्यासारखं आहे. गोदरेजनं १९५५पासून टाइपरायटर बनवले, २००९मध्ये ते काम थांबलं. मराठी यंत्र ज्यांनी चालवलं आहे त्यांना आठवत असेल: श, ष, ण, ध, थ, भ ही अक्षरं त्यावर पूर्ण नव्हतीच. अर्धं अक्षर एक ठोका, काना दुसरा ठोका. मात्रा, अनुस्वार, उकार यांच्या कळा 'मेलेल्या'. दाबल्या तरी कॅरेज पुढं सरकायची नाही. लिपी जिथं मोडते तिथंच तिचे तुकडे केले होते. देवनागरीतल्या बहुतेक व्यंजनांच्या अंगात काना आहे आणि तो काढला की व्यंजन अर्धं होतं, हे लहान मुलाला शाळेत शिकवतात तेच त्या यंत्रात लोखंडात उतरवलं होतं. दिसायला ते अक्षर गबाळं. कचा उजवा पाय आखडलेला, शिरोरेषा दर घराला तुटलेली, ओळीकडं तिरकं पाहिलं तर दातऱ्यासारखी. तरीही टंकलेखनाच्या सरकारी परीक्षेत मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांनी पिढ्यान् पिढ्या पास झाल्या. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या टंकलेखकांची प्रतिज्ञापत्रं बिनचूक निघत. मी त्या यंत्राला देवनागरीचा सर्वांत प्रामाणिक मोनोस्पेस फॉन्ट म्हणतो. त्यानं घर सांभाळलं आणि अक्षर फोडलं, पण फोडलंय हे लपवलं नाही.

घरासाठी लिपीच बदला, असंही सांगून झालंय. सावरकरांनी पुरस्कारलेली 'अ'ची बाराखडी, म्हणजे इ, ई, उ यांच्याऐवजी अि, अी, अु, छपाईतले खिळे कमी करण्याच्या हिशेबातून आली. १९५३च्या लखनौच्या लिपिसुधार परिषदेत पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे लिहावी असं ठरलं. लोकांनी ती घेतली नाही आणि काही वर्षांत तो ठराव मागे घ्यावा लागला. पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते आणि लिहिताना आधी, हा तिचा हट्ट यंत्राला न परवडणारा होता. आज ज्याला आपण 'रेंडरिंगची अडचण' म्हणतो तिचा हा आजोबा. फरक एवढाच, की तेव्हा माणसं परिषद भरवून भांडायची. आता एखादा कोड लिहिणारा चारचौघांना न विचारता ठरवून टाकतो, की नाव रोमनमध्ये घ्यायचं.

इथं भिवंडी येते. मानकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यातल्या गोदामांमध्ये माल कसा हलतो, हे बाहेरच्यांना यंत्राचं काम वाटतं. पण कंटेनर रिकामा करणारे हात अजून माथाडींचेच आहेत आणि त्यांची हजेरी, त्यांची हमाली कुठल्या तरी प्रोग्राममध्ये भरली जाते. ती छापतो ठोक्यांचा प्रिंटर, डॉट मॅट्रिक्स, कारण कार्बनच्या तीन प्रती दुसरा कुठला प्रिंटर एका दमात देत नाही. त्या प्रिंटरचं जग ऐंशी घरांचं. इंचाला दहा अक्षरं, आठ इंचांची ओळ. त्याच्या पोटातली अक्षरं रोमन. देवनागरी हवी असेल तर ठिपक्यांचं चित्र पाठवावं लागतं आणि ते तो रडतखडत छापतो. नव्वदीच्या आसपास संगणकात सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवून डॉसच्या प्रोग्रामांत भारतीय लिप्या आणल्या जात, तेव्हा हा प्रश्न कुणीतरी गांभीर्यानं घेतला होता. विंडोज आलं, युनिकोड आलं, आणि हिशेबाच्या छोट्या प्रोग्रामांच्या जगात तो प्रश्न सुटण्याऐवजी टाकून दिला गेला.

कारण साधं आहे. नावाच्या रकान्याला वीस घरं दिली. 'शेख' टर्मिनलच्या हिशेबानं दोन घरांचा आणि कागदावरही तितकाच. 'भोईर' चार, ठीक. 'म्हात्रे' हिशेबानं पाच घरांचे, पण म आणि ह जोडले, त आणि र एकमेकांत शिरले की कागदावर त्यांना तेवढी जागा लागतच नाही. 'स्त्री' हा शब्द हिशेबानं चार घरांचा आणि डोळ्यांना जेमतेम दोनाचा. मग प्रत्येक ओळीचा उजवा भाग आपापल्या मापानं डावीकडं सरकतो. दर बॅगांच्या रकान्यात, रक्कम दराच्या रकान्यात. हिशेबाच्या कागदावर हे चालत नाही. प्रोग्राम करणाऱ्यानं मग काय केलं? नाव रोमनमध्ये घेतलं. रांगा जुळल्या. म्हात्रे यांच्या नावाचं रोमन स्पेलिंग मात्र एका कारकुनानं एक केलं, दुसऱ्या पाळीच्या कारकुनानं दुसरं, आणि एका माणसाच्या दोन ओळी झाल्या. बँकेच्या पासबुकात तिसरं, आधार कार्डावर चौथं. या घोळात अडकलेली हमाली सोडवायला माणसाचा दिवस जातो आणि त्या दिवसाची हजेरीही.

एका गोदामात मी मुकादमांना यादी वाचताना बघितलं. ते नावं वाचतच नव्हते, "बावीस, तेवीस, सत्तावीस" असे आकडे पुकारत होते. मी विचारलं, तर म्हणाले, "दादा, ह्या कागदावरचं नाव आमचं नाय. नंबर तेवढा आमचा." फॉन्टच्या निवडीबद्दल मी ऐकलेलं हे सर्वांत नेमकं परीक्षण आहे. शून्यात ठिपका असावा की रेघ, यावर रात्ररात्र वाद घालणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना ते ऐकवावंसं वाटतं.

एडिटरमध्ये चित्र इतकं वाईट नाही, पण तिथंही तुम्ही निवडलेला फॉन्ट मराठीला लागूच होत नाही. जेटब्रेन्स मोनो, फिरा कोड, आयबीएम प्लेक्स मोनो यांत देवनागरी नाही. (प्लेक्सच्या कुटुंबात देवनागरी आहे, पण ती मोनो नाही.) तुम्ही मराठी टंकलं की एडिटर गुपचूप दुसरा फॉन्ट उचलतो. विंडोजवर बहुधा निर्मला किंवा मंगल, मॅकवर कोहिनूर, लिनक्सवर लोहित किंवा नोटो. आपण आठवडाभर तपासून घेतलेला फॉन्ट इंग्रजीपुरता, मराठीला जे मिळेल ते. मंगलला नावं ठेवायची फॅशन आहे. सरकारी परिपत्रकाचा चेहरा म्हणून ती पडली असावी. पण र. कृ. जोशींनी आखलेला तो फॉन्ट विंडोज २०००बरोबर आला आणि संगणकावर युनिकोड मराठी आपल्यापैकी अनेकांनी पहिल्यांदा वाचली ती त्याच्याच आधारानं. माझी तक्रार मंगलबद्दल नाही. निवड आपण केलेली नसते, ही तक्रार आहे.

म्हणून पहिली गोष्ट, निवड हातात घ्यावी. बहुतेक एडिटरांत फॉन्टची एकच नव्हे तर क्रमानं यादी देता येते. आधी रोमन मोनोस्पेस, त्यानंतर देवनागरी. क्रम उलटा केलात तर देवनागरी फॉन्टमधली रोमन अक्षरं कोडवर चढतात आणि रांगा मोडतात. देवनागरीसाठी मी सध्या मुक्ता वापरतो. एक टाइपनं काढलेला, फुकट, सात वजनांचा. त्याची शिरोरेषा रोमन छोट्या अक्षरांच्या डोक्यापेक्षा वर राहते, पण मोठ्या अक्षरांशी झटापट करत नाही. दोन लिप्या एका ओळीत नांदायला एवढं पुरतं. दुसरी गोष्ट ओळीची उंची. इंग्रजी कोडला जी उंची ऐसपैस वाटते तिच्यात 'कर्त्यांनी'मधला रफार-अनुस्वार आणि वरच्या ओळीतला उकार एकमेकांना टोचतात. चौदाच्या आकाराला मी चोवीसची ओळ ठेवतो. पडद्यावर कोडच्या ओळी कमी मावतात. चालेल.

मग कसोटीचा मजकूर. इंग्रजीत शून्य-ओ, तसं आपल्याकडे काय? घ-ध, भ-म, थ-य, ब-व, आणि 'ख' व 'रव'. १ आणि ९ लहान आकारात तपासा. पण माझ्या लेखी खरी कसोटी विसर्गाची आहे. मराठी लिहिणारे अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग आणि विसर्गाच्या जागी अपूर्णविराम सर्रास देतात. छापील मजकुरात ते खपून जातं. सेटिंगच्या फाइलीत, जिथं डावीकडं नाव, मग अपूर्णविराम, मग किंमत अशी रचना असते, तिथं विसर्ग पडला की सगळी फाइल नाकारली जाते आणि डोळ्यांना कारण दिसत नाही. ज्या फॉन्टमध्ये हे दोन्ही जुळे दिसतात तो कोडसाठी बाद, मग तो कितीही देखणा असो. याहून छुपा घोळ 'दुसऱ्या'मधल्या ऱ्याचा. तो ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊनही लिहिता येतो, आणि साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही. दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. शोधायला गेलात की निम्मे सापडत नाहीत. इथं कुठलाही फॉन्ट मदतीला येत नाही. अशा वेळी मी एडिटरला संकेतांचे आकडेच दाखवायला सांगतो. थोडा कमी संशय असेल तर युनिफॉन्ट लावतो. तो ठिपक्यांचा फॉन्ट जोडाक्षरं करायला जातच नाही. स्त्री म्हणजे स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी, सगळी सुटी सुटी. वाचायला भयंकर, तपासायला उत्तम. त्या मेलेल्या टाइपरायटरचा हा खरा वारसदार.

एक मुद्दा इथल्या वाचकांना जास्त जवळचा वाटेल. महाराष्ट्र शासनानं २००९च्या निर्णयात देठाचा श आणि पाकळीचा ल हीच मराठीची रूपं मानली. अनेक चांगल्या फॉन्टमध्ये ही रूपं असतात, पण पडद्यावर आधी येतात ती हिंदी वळणाची. मराठी वळण मिळवायला 'हा मजकूर मराठी आहे' असं सांगावं लागतं. वेबपानाला ते सांगता येतं. साध्या टेक्स्ट फाइलला भाषाच नसते. त्यामुळं मराठी साहित्यावरचा निबंधही एडिटरमध्ये हिंदी ल घेऊन बसतो. ज्यांना हे सहन होत नाही त्यांनी 'टिरो देवनागरी मराठी' लावून बघावा. त्यात मराठी वळण मुळातच आहे. पण त्याचा पिंड पुस्तकाचा. छोट्या आकारात, काळ्या पडद्यावर त्याच्या बारीक रेघा विरतात. गद्य लिहिताना मी तो लावतो, कोड लिहिताना काढतो.

हे सगळं म्हणजे तडजोड. यात मराठीपुरतं घर सोडून दिलेलं आहे. घर आणि देवनागरी दोन्ही मिळू शकतील का? मला वाटतं, मिळतील, फक्त 'एक अक्षर एक घर' हा हट्ट सोडला तर. भिवंडीच्या मागांवरचं बहुतेक कापड साधं, कोरं. त्याला नक्षीचा कागद लागत नाही. पण डॉबीवर किनार किंवा बुट्टी काढायची तर डिझाइनवाला चौकटीच्या कागदावर घरं भरतो. उभी रांग ताण्याची, आडवी बाण्याची, ताणा वर आला ते घर काळं. हा कागद नेहमी चौरस घरांचा नसतो. इंचात ताण्याचे ऐंशी धागे आणि बाण्याचे साठ असतील, तर चौरस घरांवर काढलेला गोल विणल्यावर उभट होतो. म्हणून त्या प्रमाणातल्या उभट घरांचा कागद घेतात. आधी कापड, मग घर. चिनी-जपानी लिप्यांसाठी टर्मिनलनं हेच कधीच मान्य केलं. त्यांच्या चिन्हाला दोन घरं. आयए रायटरनं २०१७मध्ये रोमनमध्येही एम आणि डब्ल्यूला दीड घर देऊन टाकलं आणि लिहिणाऱ्यांनी कुरकुर केली नाही.

देवनागरीचा मोनोस्पेस फॉन्ट मला असा हवा आहे: अक्षर मोडायचं नाही, पण त्याची एकूण रुंदी पूर्ण घरांत बसवायची. कला दोन, किला तीन, कुला दोनच, स्त्रीला चार. आणि एडिटरनं, टर्मिनलनं घरं मोजताना संकेत मोजायचे नाहीत, फॉन्टला विचारायचं. यातलं पहिलं काम अक्षरकारांचं. ते करणारी माणसं मुंबई-पुण्यात आहेत आणि त्यांचा हात उत्तम आहे. दुसरं काम कोड लिहिणाऱ्यांचं, आणि अडलंय ते तिथं. उर्दूचा प्रश्न याहून अवघड. नस्तालीक ओळीवर बसतच नाही, शब्द उजवीकडून डावीकडं तिरका उतरतो. माझ्या गल्लीतल्या निम्म्या पाट्या त्या लिपीत आहेत आणि तिच्यासाठी घर कसं आखावं, हे सुचवायला त्या लिपीत लिहिणाराच हवा.

तोवर मी गोदामाच्या पावतीची मांडणी बदलली आहे. नाव रकान्यात नाही, त्याची स्वतंत्र ओळ आहे, देवनागरीत, चित्र म्हणून छापलेली. खालच्या ओळीत आकडे, प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरांत, ऐंशी घरांत चोख. एका पावतीला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो आणि मालकांनी दोनदा विचारून झालं आहे, की हे इतकं हळू का चालतं. यादीची शेवटची प्रत मुकादमांकडे जाते. कार्बनची तिसरी असल्यामुळं ती फिकी असते, त्यामुळं नावाची ओळ आता जाड वजनात टाकतो. रफार तुटत नाही ना, एवढं बघायचं राहिलंय.